तळघरातली हातभट्टी: दहा वर्षांनी पुन्हा पेटवावी का?

गडबडगुंडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मागच्या शनिवारी बेसमेंट आवरायला काढलं आणि ख्रिसमसच्या झाडाच्या खोक्यामागे घरी बिअर करायचा आमचा जुना संसार सापडला. बिअर आंबवायचा काचेचा पाच गॅलनी कार्बॉय (अरुंद मानेचा बुधला), झाकणाची प्लॅस्टिकची बादली, स्टीलचं मोठं पातेलं, तांब्याच्या नळीचा चिलर, बुचं मारायचं यंत्र आणि एक वही. बायकोने कमरेवर हात ठेवून सांगितलं, "एक तर वापर, नाही तर सोमवारी कचऱ्याच्या गाडीला दे. परत झाडामागे जाणार नाही."

पार्श्वभूमी अशी. आम्ही ट्रॉय, मिशिगनला. २०१० ते २०१४ मी आणि कोल्हापूरचा एक दोस्त शनिवारी मिळून बिअर करायचो. दोघेही एकाच ऑफिसात, गाड्यांच्या सीटवर काम. एकूण १९ बॅच झाल्या. मग तो कायमचा परत गेला, मला मुलगी झाली, आणि सामान झाडामागे गेलं.

आता प्रश्न. हे जुनं सामान चालेल का? तयार माल्ट एक्स्ट्रॅक्टने (मोड आलेल्या जवाचा आयता पाक) सुरुवात करू की थेट धान्यापासून? दहा वर्षांत काय बदललं? फ्रीजमध्ये लिंबाच्या लोणच्यामागे यीस्टचं पाकीटही निघालं, मुदत २०१६. फ्रीझरमधल्या हॉप्सची (बिअरला कडूपणा देणारी फुलं) पिशवी उघडली तर जुन्या मोज्यांचा वास आला.

आणि एक कोडं. वहीत ११व्या बॅचची नोंद दोस्ताच्या अक्षरात आहे: "नुसतं सेंटेनियल. ६७ ला मॅश, मग ब. क. ओजी १.०५०, एफजी १.००८. झकास!!" (सेंटेनियल हा हॉप्सचा प्रकार, मॅश म्हणजे दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवणं, ओजी-एफजी म्हणजे आंबण्याआधीची आणि नंतरची घनता.) ती आमची आजवरची सगळ्यात चांगली बिअर होती, तीच पुन्हा करायची आहे. पण हे ब. क. काय? दोस्ताला व्हॉट्सअ‍ॅप केलंय. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. तो पहिल्यापासून असाच आहे.

अर्धा_चमचा

ब. क. = बटाटे कापले. चखण्याची तयारी.

लीड्सकर

आधी धोक्याची सूचना, मग बाकीचे देतीलच सल्ला.

आमच्या इंग्लंडात १९६३ पर्यंत घरी बिअर करायला परवाना लागायचा. तो उठला आणि पुढे डब्यातल्या किटचं पेवच फुटलं. डबा उघडा, किलोभर साखर, पाणी, यीस्ट, की २३ लिटर तयार. २०१२ मध्ये मी बाटल्या भरायच्या आधी फेसासाठी अख्ख्या पिंपात साखर घातली, आणि मग विसरून प्रत्येक बाटलीतही चमचा चमचा टाकली. बाटल्या जिन्याखालच्या कपाटात. पाचव्या रात्री दोन वाजता पहिली फुटली. बायकोला वाटलं चोर, मला वाटलं बॉयलर. तिसरी फुटल्यावर डोक्यात प्रकाश पडला. उरलेल्या बाटल्यांची हवा सोडायला मी क्रिकेटचं हेल्मेट, पॅड, ग्लोव्ह्ज असा सगळा सरंजाम घालून कपाटात शिरलो. शेजारच्या आजी खिडकीतून बघत होत्या. अजूनही भेटल्या की विचारतात, मॅच कधी आहे.

तर साखर एकदाच, आणि वजन करून.

बारा_गावचं_पाणी

गगुं, स्वागत. सामानाचं सांगतो.

बादली टाकून द्या. प्लॅस्टिकवर आतून ओरखडे असतात, त्यात जंतू बसतात, ते घासून निघत नाहीत. सायफनची नळी, रबरी वॉशर, एअरलॉकचं (वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेचं) बूच सगळं नवीन घ्या, दहा-पंधरा डॉलरचं काम. चिलर व्हिनेगरने पुसला की चकचकीत होईल. पातेल्याला काही होत नाही.

कार्बॉयबद्दल मात्र कळकळीने सांगतो. काच ठेवायची तर दुधाच्या क्रेटमध्ये ठेवा, ओल्या हाताने मानेला धरून उचलू नका, गरम वर्ट (माल्टचं गोड पाणी) त्यात कधीही ओतू नका. माझ्या मनगटावर सात टाके आहेत. तेव्हापासून मी प्लॅस्टिकचाच वापरतो.

यीस्ट आणि हॉप्स दोन्ही कचऱ्यात. मोज्यांचा किंवा चीजचा वास म्हणजे हॉप्समधली आम्लं हवेने बिघडली. मोज्यांची बिअर प्यायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

एक्स्ट्रॅक्ट की धान्य? तुम्ही १९ बॅच केल्यात, एक्स्ट्रॅक्टला कंटाळाल. पिशवी-पद्धत करा. एका पातेल्यात सगळं पाणी, त्यात जाळीच्या कापडाची पिशवी, पिशवीत दळलेला माल्ट. तासाभराने पिशवी उचलून पिळली की झालं, मॅशसाठी वेगळं भांडं लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी रूढ केलेली युक्ती. तुमचं पातेलं किती मोठं?

गडबडगुंडा

पातेलंही पाच गॅलनचंच.

बारा_गावचं_पाणी

मग अर्धी बॅच. अडीच गॅलन बिअर, म्हणजे साधारण २४ बाटल्या. माल्ट सव्वादोन-अडीच किलो. बिघडली तर दुःख अर्धं, आणि पिशवी उचलताना कंबरही वाचते. आपण आता तिशीतले नाही.

दहा वर्षांत काय बदललं ते एका वाक्यात: बिअर गढूळ झाली, पातेली विजेची झाली आणि कोपऱ्यावरची हौशी ब्रूअरांची दुकानं बंद पडली.

साधा_माणूस

आंबवायचं तर इडली आंबवा, ढोकळा आंबवा. मराठी संस्थळावर दारू गाळायचे धागे बघून वाईट वाटलं.

अर्धा_चमचा

साधेभाऊ, इडली पिऊन बघितली, चढत नाही.

टेक्सासची_ताई

साधा_माणूस, तुमचं मत मान्य, धागा उघडायची सक्ती नाही.

इथे सगळे "बायको काय म्हणेल" वर गाडी आणतात म्हणून सांगते: आमच्या घरी बिअर मी करते. नवरा थेंबाला शिवत नाही, तो बाटल्या धुतो. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मॅश चालू होता. बाहेरूनच म्हणाल्या, "कसली खीर गं? हॉर्लिक्ससारखा वास येतोय." खोटं बोलायची गरजच नव्हती. हॉर्लिक्समध्येही जवाचं माल्टच असतं. म्हटलं, जवाची लापशी. चव घेऊन म्हणाल्या, छान गोड आहे, वेलदोडा घाल. पुढे काय होतं ते एअरलॉक बुडबुडायला लागल्यावर कळलं. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी स्वतःहून खाली जाऊन कान लावून ऐकत होत्या.

गगुं, तुम्हाला मिशिगनचं बेसमेंट म्हणजे देवाने दिलेलं फ्रीज आहे. इथे उन्हाळ्यात गॅरेज ३५ डिग्रीला जातं. त्या तापमानाला साध्या एल यीस्टची बिअर नेलपॉलिश रिमूव्हरसारखी लागते. मला क्वाइकने तारलं. नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या जपलेलं यीस्ट आहे, लाकडी कड्यांवर वाळवून ठेवायचे. ३५-४० डिग्रीला खूश असतं, तीन-चार दिवसांत काम उरकतं, वर संत्र्याच्या सालीचा वास. आता कोरडं पाकीटही मिळतं. दहा वर्षांत खरं काय बदललं म्हणाल तर हे.

नाशिकचा_उपाशी

वाचून हात शिवशिवायला लागले. आपल्याकडे घरी केली तर चालते का? द्राक्षांच्या गावात राहतो, वाइनरीत नोकरी नाही एवढंच.

कलम_कसाई

नाही चालत. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. "घरापुरती केली, विकली नाही" हा बचाव नाही. कागदोपत्री तर प्यायलाही परवाना लागतो.

अमेरिकेतही फार आधीपासून मोकळीक होती असं नाही. १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला मुभा मिळाली आणि बिअर राहून गेली. ती सुधारायला १९७८ उजाडलं, त्या कायद्यावर जिमी कार्टर यांची सही आहे. माणशी वर्षाला १०० गॅलन, घरात दोन प्रौढ असतील तर २००. विकायची नाही. राज्यांनी आपापलं ठरवायचं, त्यात अलाबामा आणि मिसिसिपी सगळ्यात शेवटी, २०१३ मध्ये. आणि ऊर्ध्वपातन करून कडक दारू काढणं तिथेही घरी बेकायदाच.

उपाशीराव, तुम्ही मायक्रोब्रुअरीत जाऊन ताजी प्या, हात शिवशिवायचे थांबतील.

माडाखालचो

माझा आजा माडावर चढायचा. आम्ही भंडारी, पिढ्यांचा धंदा. पोय बांधायची, ठेचायची, रोज दोनदा कापायची, खाली मडकं. तुम्ही यीस्टचं पाकीट विकत आणता, आमच्या मडक्यातच यीस्ट वस्तीला. सकाळची माडी गोड, दुपारी चढणारी, रात्रीपर्यंत आंबट ढोण. मडक्याला आतून चुना लावला की आंबत नाही, ती नीरा. आजा सांगी, "मडक्यां धुवक सांगणारो माणूस माडी काय जाणता?" तुमचं ते निर्जंतुकीकरण वाचून त्याला हसू आलं असतं.

गोव्याला मामीच्या घरी सान्नांना अजून माडीच लागते. साधेभाऊ, घ्या, ही तुमची इडली.

विरजण

माडीचा मुद्दा मस्त. माडीत साखर आयती असते म्हणून यीस्ट लगेच कामाला लागतं. धान्यात असतो स्टार्च, तो यीस्टला खाता येत नाही. म्हणून आधी मोड आणायचे. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात, मग दाणा वाळवायचा, तो माल्ट. मॅश म्हणजे त्या एन्झाइमना गरम पाण्यात स्टार्च तोडायला दिलेला वेळ.

आपल्या आयांना हे पक्कं ठाऊक होतं. साध्या नाचणीच्या पिठाची पेज घट्ट होते, मोड आणलेल्या नाचणीची पातळ राहते. बाळाला त्याच पातेल्यात जास्त पीठ देता येतं. ते एन्झाइमचंच काम.

आता गगुंचं कोडं. मला ब. क. पेक्षा तो १.००८ चा आकडा जास्त बोलका वाटतो. ६७ डिग्रीला तासभर मॅश करून साधारण १.०११-१.०१२ ला थांबायला हवं. १.००८ म्हणजे बरीच जास्त साखर तुटली. मॅश किती वेळ केला होता ते लिहिलंय का?

गडबडगुंडा

वेळ नाही लिहिलेली. आम्ही नेहमी तासच करायचो. ब. क. = बिअर कमी? बर्फ कमी?

अर्धा_चमचा

बायको कडाडली.

लीड्सकर

बादली कलंडली.

नाचणीप्रेमी

विरजणताई, मग दुकानातल्या नाचणी सत्त्वाची बिअर होईल?

विरजण

नाही हो. सत्त्व करताना मोड आलेली नाचणी भाजतात, भाजलं की एन्झाइम संपले. घरी मोड आणून सावलीत वाळवलेली घेतलीत तर थोडी आशा. तरी आधी थोडी नाचणी शिजवून, निववून, मग त्यात माल्ट घालावं लागेल. नुसत्या नाचणीच्या फंदात पहिल्यांदा पडू नका, जवाच्या माल्टमध्ये पाव हिस्सा घाला.

गडबडगुंडा

मंडळी, काल केली! २.३ किलो पेल माल्ट, सगळे हॉप्स सेंटेनियल. इकडची प्रसिद्ध टू हार्टेड बिअरही नुसत्या सेंटेनियलचीच असते, तीच चव डोक्यात होती. ६७ ला बरोबर एक तास मॅश, एक तास उकळी. उकळी फुटताना वर्ट उतू गेलं. दहा वर्षांपूर्वीही जायचं. गॅसवर काळी कॅरॅमलची पपडी चिकटलीय, ती बायको यायच्या आत खरवडायची आहे.

घनता मोजायचा हायड्रोमीटर काढला आणि हातातून सटकून फुटला. तासाभरात रिफ्रॅक्टोमीटर आणला, एक थेंब पुरतो. १२.४ ब्रिक्स (साखरेचं माप), म्हणजे १.०५०. ११व्या बॅचशी तंतोतंत! यूएस-०५ यीस्ट टाकलंय, बेसमेंट १८ डिग्री. मुलगी एअरलॉकसमोर खुर्ची टाकून बसलीय. पहिला बुडबुडा मला सांगायचा नाही, तो तिचा आहे म्हणाली.

टेक्सासची_ताई

पिळलेल्या माल्टच्या चोथ्याचं काय केलंत?

गडबडगुंडा

थालीपीठ.

टेक्सासची_ताई

मीही केलं होतं. फोलपटं घशाला टोचतात, तीन दिवस खोकत होते. आता वाळवून बारीक दळते आणि कणकेत मूठभरच घालते. आणि कुत्रा असेल तर चोथा चालेल, पण उकळलेले हॉप्स त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात, ताप चढून दगावतात.

गडबडगुंडा

सोळा दिवस झाले. मदत करा. बुडबुडे थांबून आठवडा झाला, रिफ्रॅक्टोमीटर ६.५ ब्रिक्सवर अडकलाय. त्याच्याच पट्टीवर बघितलं तर १.०२६. तीन दिवस तोच आकडा. यीस्ट मेलं का? लीड्सकरांचं हेल्मेट आठवतंय, बाटल्या भरायची हिंमत होत नाही. आणखी यीस्ट टाकू का?

कलम_कसाई

अजून एक पाकीट टाका, काय बिघडतंय.

बारा_गावचं_पाणी

थांबा! काही टाकू नका. यीस्ट ठणठणीत आहे, आकडा खोटा आहे.

रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो ते मोजतो. आंबण्याआधी पाण्यात फक्त साखर असते, तेव्हा तो खरं बोलतो. आंबल्यावर त्यात अल्कोहोल येतं, तेही प्रकाश वाकवतं, त्यामुळे आकडा वर दिसतो. सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही आकडे सूत्रात घालावे लागतात. तुमचे घालून बघितले: १.०१२ च्या आसपास. म्हणजे पाच टक्के अल्कोहोल, काम फत्ते.

तरी दहा डॉलरचा हायड्रोमीटर आणून खात्री करा. तीन दिवस आकडा तोच राहिला तर बाटल्या भरा. साखर ५५ ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून, सगळ्या बिअरला एकदाच. आणि बाटल्या तपकिरीच घ्या. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीत उन्हाने हॉप्स बिघडतात, घाणेरडा वास येतो.

लीड्सकर

"एकदाच" हा शब्द ठळक अक्षरात लिहा हो.

गडबडगुंडा

हायड्रोमीटर आणला. १.०१२. बारा गावचे, तुमच्या पायाचं तीर्थ पाठवा, त्याचीही बिअर करतो.

गडबडगुंडा

तीन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली. फसफसली, फेस उभा राहिला, रंग तांबूस सोनेरी. द्राक्षफळाच्या सालीचा आणि किंचित पाइनचा वास. बायकोने अर्धा ग्लास घेतला आणि दुसरा अर्धा मागितला, म्हणजे सामान झाडामागे जात नाही.

पण खरं सांगू? ही ११ नंबर नाही. चांगली आहे, पण शेवटी जिभेवर थोडी गोडसर राहते. ती स्वच्छ कोरडी संपायची, लगेच दुसरा घोट घ्यावासा वाटायचा. विरजण यांचं बरोबर असणार. कुठेतरी वेळेचा फरक आहे.

कोल्हापुरी_भागीदार

नवीन सदस्य आहे, याच धाग्यासाठी खातं काढलं. गड्या, व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर दिलं नाही कारण त्या दिवशी गूळ उतरवायचा होता, मग विसरलो. आज बायकोने धागा वाचून दाखवला.

ब. क. म्हणजे बाबांना कॉल. मॅश लावला की मी बाहेर डेकवर जाऊन फोन करायचो, तुमची सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. तू आत बसून खडूने बाटल्यांवर नंबर घालायचास. बाबा ऊस, पाऊस, कारखान्याचा दर सगळं सांगायचे, त्या दिवशी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, फोन लांबला. आत आलो तर तू सोफ्यावर घोरत होतास. मॅश पावणेदोन तास झालेला, पातेलं ६३ पर्यंत उतरलेलं. तुला सांगितलं नाही. आकडा १.००८ आला तेव्हा म्हटलं गप्प राहावं.

विरजण

बघा! ६३ च्या आसपास दुसरा एन्झाइम जोरात असतो, तो साखर अगदी बारीक तोडतो. यीस्टला खायला जास्त, बिअर कोरडी. कोडं सुटलं.

गडबडगुंडा

लेका. दहा वर्षं मी लोकांना सांगत आलो की ती माझी रेसिपी.

कोल्हापुरी_भागीदार

रेसिपी तुझीच. झोप पण तुझीच.

शनिवारी मॅश लावलास की इकडे फोन कर. बाबा आता ८१ चे आहेत, ऐकायला कमी येतं, पण फोन ठेवत नाहीत. पावणेदोन तास सहज होतील.

नाशिकचा_उपाशी

धागा छानच. पण उसाच्या रसाची करता येते का, एवढं कोणीतरी सांगा.

कलम_कसाई

उपाशीराव, परत सांगू का कलम?